उजव्या पंपावाचून

१९९० साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी हृदयविज्ञान नियतकालिकात एक निबंध छापून आला. लेखकांत पहिलं नाव फ्रान्सिस फॉन्टन यांचं, फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या शल्यविशारदाचं. विषय होता त्यांच्याच नावाने जगभर ओळखली जाणारी शस्त्रक्रिया, हृदयाचा उजवा पंप वगळून शिरांतलं रक्त सरळ फुप्फुसांकडे नेणारी. ३३४ रुग्णांची माहिती समोर ठेवून त्यांनी एक काल्पनिक रुग्ण उभा केला. त्याची निवड अचूक झालेली, वय योग्य, फुप्फुसं चांगली, शस्त्रक्रियेत कुठे काही बिनसलं नाही. असे शंभर नशीबवान रुग्ण घेतले तर किती जगतील? गणिताने दिलेलं उत्तर असं: वर्षाअखेर ८८, पाच वर्षांनी ८६, दहा वर्षांनी ८१, पंधरा वर्षांनी ७३. म्हणजे सुरुवातीचा धक्का ओसरल्यावर काही वर्षं रेघ जवळपास सपाट चालते आणि मग उतरणीला लागते. शस्त्रक्रियेतली चूक या उतरणीला जबाबदार नाही. अशा रीतीने रक्त फिरवलं की ती येणारच, असा लेखकांचा निष्कर्ष होता.

बावीस वर्षांपूर्वी आपण शोधलेला उपाय हा कायमचा इलाज नाही, हे शोधकानेच छापून सांगावं असे प्रसंग वैद्यकात फार नाहीत. जन्मजात हृदयदोष घेऊन मोठ्या झालेल्या माणसांच्या हार्ट फेल्युअरबद्दल आज जे बोललं जातं, त्यातलं बरंच त्या निबंधात बीजरूपाने आहे. पण ते बी पेरलं गेलं त्याच्याही आधी, आणि तेही कुत्र्यांवर.

रक्ताच्या फेऱ्याला दोन धक्के लागतात, ही समजूत विल्यम हार्वेच्या १६२८ सालच्या ग्रंथापासूनची. डावीकडचा खालचा कप्पा रक्त अंगभर ढकलतो, उजवीकडचा फुप्फुसांतून. हार्वेने माशाचं हृदयही पाहिलं होतं. फुप्फुस नाही म्हणून माशाला खालचा कप्पा एकच, हे त्याच्या लक्षात आलं होतं. माशाचा तो एकुलता कप्पा रक्त आधी कल्ल्यांत पाठवतो आणि तिथूनच ते पुढे शरीरात जातं. एका धक्क्यावर दोन जाळी पार होऊ शकतात हे निसर्गात होतंच. माणसाच्या बाबतीत मात्र तसा प्रयत्न करून पाहावा, असं पुढची तीनशे वर्षं कुणाला सुचलं नाही. सुचायला कारणही नव्हतं.

कारण जन्माला येत होतं, पण ते शवविच्छेदनाच्या टेबलावरच दिसायचं. मॉन्ट्रियलमधल्या डॉ. अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली विशीतल्या एका तरुणाच्या हृदयाचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला खालचा खरा कप्पा एकच होता, उजवा नावापुरता. ते हृदय मॅक्गिल विद्यापीठाच्या संग्रहालयात पडून राहिलं. पाऊण शतकाने तिथल्या संग्रहपाल मॉड अ‍ॅबट यांच्या हाती ते लागलं आणि १९०१ साली त्यांनी होम्सचा लेख पुन्हा छापला. याच मॅक्गिलने अ‍ॅबटना बाई म्हणून वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश नाकारला होता. त्यांनी १९३६ साली हजार सदोष हृदयांचा अ‍ॅटलास काढला, आणि तोवर ‘असाध्य कुतूहल’ म्हणून बाजूला ठेवलेल्या विषयाला वर्गीकरण मिळालं. होम्सचा तो तरुण कुठल्याही शस्त्रक्रियेशिवाय वीसेक वर्षं जगला, हे या सगळ्या कहाणीत मला कायम अचंब्याचं वाटतं.

आता कुत्र्यांकडे. १९४३ साली फिलाडेल्फियात आयझॅक स्टार आणि सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाची उजवी भिंत डागून निकामी केली. अपेक्षा अशी की उजवा पंप बसला की मागे शिरांमध्ये रक्त तुंबेल, दाब चढेल. तो फारसा चढला नाही. निबंधाच्या शीर्षकातच स्टार यांनी हा निष्कर्ष मांडला आणि हार्ट फेल्युअरशी त्याचा संबंध काय, याची चर्चाही केली. निष्कर्षाचा सूर असा की शिरांतला दाब वाढण्यासाठी नुसता उजवा कप्पा बिघडणं पुरेसं नाही. पाठोपाठ १९४९ मध्ये रॉडबार्ड आणि वॅग्नर यांनी उजवा कप्पा वगळून रक्त थेट फुप्फुसधमनीत नेण्याचे प्रयोग केले. हे प्रयोग खोटे नव्हते, पण ते प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाने चालत होते. उजव्या पंपावाचून तीस वर्षं काढली तर काय होतं, हा प्रश्न कुत्र्याला विचारताच येत नाही.

दरम्यान फुप्फुसांकडे रक्त कमी जातं म्हणून निळ्या पडणाऱ्या बाळांना वाचवण्याचा पहिला मार्ग बाल्टिमोरला निघाला होता. हेलन टॉसिग यांची कल्पना, आल्फ्रेड ब्लेलॉक यांचे हात, आणि ती शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत आधी बसवून दाखवणारे विव्हियन थॉमस. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी पंधरा महिन्यांच्या मुलीच्या हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडली गेली, तेव्हा थॉमस ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभं राहून सूचना देत होते. १९४५च्या निबंधात त्यांचं नाव नव्हतं. ते कृष्णवर्णीय होते आणि त्यांच्याकडे पदवी नव्हती. जॉन्स हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ साली. या जोडणीने दोष दुरुस्त होत नव्हता, फक्त फुप्फुसांकडे जादा रक्त जात होतं. पण मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत पोचू लागली, आणि मग त्यांच्यासाठी पुढचं काहीतरी शोधणं भाग पडलं.

ते पुढचं पाऊल अर्ध्यावरचं होतं. डोकं आणि हात यांच्याकडून परतणारं अशुद्ध रक्त वरच्या महाशिरेतून हृदयात न नेता सरळ उजव्या फुप्फुसधमनीत सोडायचं. सोव्हिएत संघात येवगेनी मेशाल्किन यांनी हे केलं होतं. येल विद्यापीठाच्या विल्यम ग्लेन यांनी १९५८ साली ते प्रसिद्ध केल्यावर त्याला ग्लेन यांचं नाव चिकटलं. वरच्या अर्ध्या शरीराचं रक्त पंपाशिवाय फुप्फुसांतून जाऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. उरलेल्या अर्ध्याचं काय?

बोर्दोमध्ये फॉन्टन यांनी एप्रिल १९६८ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीवर ते करून पाहिलं. तिच्या हृदयात उजवीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधली झडप तयारच झालेली नव्हती, मार्ग बंद होता, उजवा खालचा कप्पा खुरटलेला. फॉन्टन यांनी ग्लेनची जोडणी केली आणि खालच्या महाशिरेचं रक्त उजव्या वरच्या कप्प्यातून फुप्फुसधमनीत वळवलं. येण्याच्या आणि जाण्याच्या दोन्ही वाटांवर मानवी झडपा बसवल्या. त्यामागची कल्पना अशी की वरचा कप्पा आकुंचन पावतोच, त्याला झडपा दिल्या तर तोच छोटा पंप होईल. मुलगी वाचली. ते वर्ष हृदयप्रत्यारोपणाचं होतं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिलं झालं, फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी केलं, वर्तमानपत्रांचे मथळे त्यांनी भरले होते. बोर्दोच्या बातमीला कुणी विचारलं नाही. फॉन्टन आणि यूजीन बोदे यांचा निबंध ‘थोरॅक्स’मध्ये आला तो १९७१ साली, तीन रुग्णांचा.

त्याच वर्षी ब्युनोस आयर्समध्ये गियेर्मो क्रॉइत्झर यांनी स्वतंत्रपणे हीच वाट काढली. खालच्या महाशिरेवर त्यांनी झडप बसवली नाही, आणि पुढे ठासून सांगितलं की वरचा कप्पा हा पंप वगैरे काही नाही, ती नुसती वाट आहे. ते बरोबर होते. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात मार्क द लव्हाल यांनी प्रवाहाचे प्रयोग करून १९८८ साली दाखवलं की फुगलेला, धडधडणारा कप्पा वाटेत असला तर रक्ताची उरलीसुरली ऊर्जा तिथल्या भोवऱ्यांतच खर्च होते. तेव्हापासून त्या कप्प्यातून एक सरळ बोगदा काढायची पद्धत आली, आणि १९९० मध्ये रोमच्या कार्लो मार्चेलेत्ती यांनी तो बोगदाही हृदयाबाहेर काढला. आता कृत्रिम नळी हृदयाच्या शेजारून जाते. जुन्या पद्धतीच्या लोकांचा तो कप्पा पुढे अवाढव्य फुगला, त्यात गुठळ्या झाल्या, ठोके बिघडले. शिकागोत कॉन्स्टंटाइन मावरूदिस यांनी अशा रुग्णांच्या जोडण्या उलगडून नव्याने बांधण्याचं काम हाती घेतलं.

इतकं सगळं सुधारूनही एक आकडा कुणालाच हलवता आला नाही, आणि माझ्या मते या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास म्हणजे त्या आकड्याचा इतिहास आहे. तुमच्या-माझ्या महाशिरेत दाब साधारण ५ मिलिमीटर पारा, किंवा त्याहून कमी असतो. उजवा पंप तो उचलून फुप्फुसधमनीत सरासरी १५ च्या आसपास नेतो, आणि फुप्फुसं पार करून रक्त डावीकडे येतं तेव्हा तो ८ वगैरे उरलेला असतो. पंपच नसेल तर फुप्फुसं पार करायला लागणारा जोर महाशिरेतच असायला हवा. म्हणून फॉन्टन झालेल्या माणसाच्या शिरांत १० ते १५ दाब चोवीस तास असतो. तो नसेल तर माणूस जगणार नाही आणि असेल तर त्याची किंमत मोजावी लागणार. डाव्या पंपाचा जोर अंगभरच्या केशवाहिन्यांतून जाताना बहुतेक संपलेला असतो. कालव्याच्या टेलला जे पाणी पोचतं त्यावर आणखी एक शेत भिजवायचं, असा हा मामला. शिरांत दाब जास्त आणि फुप्फुसधमनीत कमी, या उफराट्या जोडीला द लव्हाल यांनी ‘फॉन्टन विरोधाभास’ म्हटलं. निरोगी माणसात नेमकं याच्या उलट असतं.

सुरुवातीच्या सर्जनांना हे कळत नव्हतं असं नाही. बोर्दोच्याच अ‍ॅलन शूसा यांनी १९७०च्या दशकाअखेरीस निवडीच्या दहा कसोट्या लिहून काढल्या. हृदयाचा ताल सरळ हवा, फुप्फुसधमनीत सरासरी दाब १५ च्या वर नको, वय चारच्या वर हवं वगैरे. वॉर्डांत त्यांना ‘दहा आज्ञा’ म्हणायचे. पुढे त्या एकेक करून शिथिल झाल्या, कारण रांगेत उभी असलेली मुलं दहाच्या दहा कसोट्या पार करणारी नव्हती.

सगळ्यात मोठी शिथिलता बोस्टनहून आली. काही बाळांची हृदयाची डावी बाजूच खुरटलेली असते, आणि ती जन्मानंतर काही दिवसांत जायची. विल्यम नॉरवुड यांनी टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया करून उजवा कप्पाच शरीराचा पंप बनवला आणि शेवटी फॉन्टनची जोडणी केली. १९८३ साली त्यांनी हे यश प्रसिद्ध केलं. फॉन्टन यांच्या पहिल्या रुग्णांत निदान डावा, म्हणजे मुळात अंगभर रक्त ढकलण्यासाठीच घडलेला कप्पा शाबूत होता. आता कमी दाबासाठी घडलेला, पातळ भिंतीचा उजवा कप्पा जन्मभर डाव्याचं काम करणार होता, आणि त्याच्या स्वतःच्या कामाला कुणीच नव्हतं. त्या बाळांपुढे दुसरा पर्याय मृत्यूचा होता, म्हणून नॉरवुड यांना दोष देता येत नाही. पण आज विशी-तिशीत थकणाऱ्या एका मोठ्या गटाची मुळं इथे आहेत.

हे एकट्या फॉन्टनचं नाही. मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेल्या मुलांमध्ये ओके सेनिंग यांनी १९५८ पासून आणि टोरोंटोच्या विल्यम मस्टर्ड यांनी १९६३ पासून वरच्या कप्प्यांतच रक्ताचे मार्ग फिरवले. त्याही मुलांचा उजवा कप्पा अंगभर पंप करत राहिला आणि चाळिशीच्या आसपास थकू लागला. १९७५ मध्ये साओ पावलोच्या आदिब जातेने यांनी धमन्याच जागच्या जागी बदलल्या, तेव्हा कुठे ही साखळी तुटायला सुरुवात झाली. फॅलोची चौकडी या जन्मजात दोषात फुप्फुसाकडची अरुंद वाट रुंद करताना तिथली झडप कापली जायची. गळकी झडप चालून जाते, असं त्यानंतर कित्येक वर्षं मानलं गेलं. ती चालून जात नव्हती, फक्त हिशेब वीस-पंचवीस वर्षांनी येत होता.

हिशेब मांडायला माणसं जिवंत लागतात, आणि ती आता होती. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एरियान मारेली यांनी नोंदी तपासल्या तेव्हा गंभीर जन्मजात हृदयदोष असलेल्यांचं मधलं वय १९८५ मध्ये ११ होतं ते २००० मध्ये १७ झालं होतं, आणि त्यांतले निम्मे प्रौढ होते. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय नोंदवहीतून २०१० साली निघालेलं चित्र असं: मेलेल्यांपैकी ७७ टक्के हृदयरक्तवाहिन्यांच्या कारणाने गेले, आणि सगळ्या मृत्यूंपैकी २६ टक्के जुनाट हार्ट फेल्युअरने. मृत्यूचं मधलं वय एकोणपन्नाशीच्या आत. बालहृदयरोगाचा विषय म्हणून सुरू झालेली गोष्ट अशी मोठ्यांच्या ओपीडीत येऊन बसली.

तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. मोठ्यांचा हृदयरोगतज्ज्ञ हार्ट फेल्युअर ओळखतो तो मुख्यतः साठीच्या माणसाचा: अटॅकने स्नायू मेलेला, डावा कप्पा ढिला पडलेला, इकोवर पंपिंग ३० टक्के. फॉन्टनच्या रुग्णाचं पंपिंग ५५ टक्के असू शकतं आणि तरीही पोटात पाणी भरलेलं असतं. बेल्जियममधल्या ल्युव्हेनचे मार्क गेविलिग यांनी यावर नेमकं बोट ठेवलं. कप्पा रिकामा होण्यात कुचराई करत नाही, त्याच्याकडे रक्त येऊन पोचतच नाही. अडथळा फुप्फुसांपाशी आहे, आणि कप्प्याला चाबूक मारून तो हलत नाही.

अडवलेला दाब जातो कुठे, तर मागे. पहिला मार यकृताला बसतो, कारण त्याच्या शिरा थेट खालच्या महाशिरेत उघडतात. वर्षानुवर्षं तुंबलेलं यकृत घट्ट होत जातं, काहींच्या यकृतात कर्करोग होतो, आणि तो दारूला स्पर्शही न केलेल्या विशी-तिशीतल्या माणसांत. आतड्यांतून प्रथिनं गळू लागतात, पाय आणि पोट सुजतं. लसीका उलट दिशेने श्वासनलिकांत झिरपून तिथे गोठते, आणि खोकल्याबरोबर नळ्यांच्या आकाराचे साचे बाहेर पडतात. फिलाडेल्फियात योआव दोरी आणि मॅक्सिम इटकिन यांनी या गळत्या एमआरआयवर शोधून कॅथेटरने बुजवायला सुरुवात केली आहे. स्टार यांच्या १९४३ सालच्या निष्कर्षाला हे उत्तर आहे. शिरांतला दाब त्यांच्या कुत्र्यांमध्ये चढला नव्हता, माणसांत तो चढला आणि चढलेलाच राहिला.

औषधांनी निराशाच केली आहे. हार्ट फेल्युअरची प्रस्थापित औषधं इथे कामाला येतात असा भक्कम पुरावा नाही. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या सैल केल्या तर अडथळा कमी होईल, हा तर्क चांगला होता. उडेनाफिल हे औषध ४०० किशोरवयीन रुग्णांवर तपासलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला आणि मुख्य कसोटीवर, म्हणजे जास्तीत जास्त श्रमात ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेवर, ते थोडक्यात कमी पडलं. पायांच्या स्नायूंचा व्यायाम मात्र उपयोगी दिसतो. पोटऱ्या आणि मांड्या आवळल्या की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं, श्वास आत घेतला की ते छातीत ओढलं जातं. उरलेले पंप ते एवढेच. एके काळी याच मुलांना खेळाच्या तासाला बाकावर बसवत.

शेवटचा उपाय प्रत्यारोपण, आणि कधीकधी हृदयाबरोबर यकृताचंही. पण अमेरिकेत प्रतीक्षायादीतला क्रम बराचसा कुठल्या यंत्रावर आणि कुठल्या औषधावर रुग्ण आहे यावरून ठरतो. फॉन्टनच्या रुग्णाला ती यंत्रं सहसा बसत नाहीत, म्हणून तो आजारी असूनही यादीत खाली राहतो. इंडियानात मार्क रॉडेफेल्ड महाशिरा आणि फुप्फुसधमन्यांच्या चौकात बसेल असा छोटा फिरता पंप तयार करण्याच्या खटपटीत बरीच वर्षं आहेत. दाब पाच-सहा मिलिमीटरने वाढवला तरी पुरे. एवढाच धक्का काढून घेतल्याने हे सगळं झालेलं आहे.

२०१९ सालच्या अंदाजाप्रमाणे फॉन्टन झालेली ५० ते ७० हजार माणसं जगात होती आणि त्यांतली ४० टक्के अठराच्या वरची. आपल्याकडे ही लाट मागून येते आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाली. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासणाऱ्या पथकांच्या यादीत जन्मजात हृदयदोष आहेत, आणि अशी मुलं शोधून शस्त्रक्रियेपर्यंत नेली जातात. योजना जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंतची. त्या वर्षी पाच वर्षांचं असलेलं मूल २०२६ मध्ये अठरा पूर्ण करतं, म्हणजे ज्या वयात हिशेब सुरू होतो त्याच वयात योजनेतून बाहेर पडतं.

मग ते मोठ्यांच्या ओपीडीत जातं आणि डॉक्टर विचारतात, “दम लागतो का?” उत्तर बहुधा ‘नाही’ असतं, आणि ते खोटं नसतं. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयातल्या डिलर आणि गॅट्झूलिस यांनी २००५ मध्ये जन्मजात दोष असलेल्या प्रौढांना तोंडाला मास्क लावून पळवलं. सरासरी तिशी-पस्तिशीतली ही माणसं, काही त्रास नाही म्हणणारीसुद्धा, ऑक्सिजन वापरण्याच्या क्षमतेत साठीच्या हार्ट फेल्युअर रुग्णांच्या पंगतीला बसली. दम न लागता जिना चढणं म्हणजे काय, हे त्यांनी कधी अनुभवलेलंच नसतं, मग कमी झालं हे कशावरून सांगणार? म्हणून विचारण्यापेक्षा मोजावं लागतं: ट्रेडमिलवर ऑक्सिजन, रक्तात अल्ब्युमिन, ठोक्यांची चोवीस तासांची पट्टी, यकृताची सोनोग्राफी. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत लहानांचा हृदयविभाग म्हणतो की वय उलटलं, मोठ्यांचा म्हणतो की हे लहानांचं दुखणं, आणि यकृताचा डॉक्टर दारूबद्दल विचारतो.